खानझोडे काकांची तीन काडतुसं

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या बॉथेलला मी सहा वर्षं राहिलो. त्यातली पाच वर्षं अकरा महिने पाऊस पडला आणि उरलेला महिना ढगाळ होता. हे वाक्य खानझोडे काकांच्या हाती पडलं असतं, तर त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला असता आणि एकच शब्द विचारला असता. "किती?"

किती मिलिमीटर, किती दिवस, मोजले कोणी. मी कोल्हापूरचा. आमच्या घरी सकाळी मांजर आडवी गेली, तर संध्याकाळपर्यंत तिचा पट्टेरी वाघ झालेला असतो. अशा माणसाला असा शेजारी मिळावा, हा नियतीचा निव्वळ चावटपणा. तेव्हा पुढे मी जे सांगेन त्यातून वाचकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे वजाबाकी करावी. काकांबद्दलचं मात्र काही वजा करू नका. त्यांच्या बाबतीत वाढवून सांगायची मला कधी गरजच पडली नाही.

मुकुंद खानझोडे मूळचे नागपूरच्या महालातले. केमिकल टेक्नॉलॉजी शिकून सत्तरच्या दशकात अमेरिकेत आले, एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तीस वर्षं वजनं केली आणि निवृत्त झाले. म्हणजे कंपनीने त्यांना निवृत्त केलं. वजनं करणं त्यांनी थांबवलं नाही. चहाची पत्ती ते तराजूवर घेत. एकदा काकूंचे बेसनाचे लाडू त्यांनी एकेक करून तोलले आणि "सातवा जड आहे" असं जाहीर केलं. त्यानंतर त्या घरात तीन महिने लाडू झाले नाहीत. काकू म्हणतात पंधरा दिवस, पण मला त्यातले दोन मिळायचे, तेव्हा माझा हिशोब वेगळा.

अंगाने काका इतके बारीक की लांबून दोरीवरचा शर्टच चालत येतोय असं वाटे. शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय कोणाच्या वाढदिवसाला हात पुढे करत नसत. आणि हा माणूस आपल्या गॅरेजात बसून रायफलीची काडतुसं भरायचा.

हे मला कळलं २००४ मध्ये, शिडी मागायला गेलो तेव्हा. गाडी बाहेर पावसात भिजत उभी, आणि आत गाडीच्या जागी एक लाकडी टेबल. टेबलाला बोल्टने आवळलेला लोखंडी दांड्याचा प्रेस, शेजारी काचेच्या पेटीत तराजू, भिंतीवर पाटी : 'येथे बोलू नये'. मला पाटी दिसायच्या आत मी "काका" म्हणून बसलो. काकांनी मान वर न करता डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

ते बोट पुढे मी चार वर्षं पाहिलं. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत ते वर असे. तेवढ्या वेळात बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि काकांच्या मते श्वासही जरा सांभाळून घ्यायचा. काकू चहाचा कप घेऊन दारात पुतळ्यासारख्या उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. कपावर साय धरायची.

काटा थांबला. बोट खाली आलं. "हं, आता बोल न बाबू."

मी शिडी विसरलो. "काका, हे काय करून राहिलात?" त्यांच्याच नागपुरीत विचारलं.

त्यांनी मला समजावलं. तयार काडतुसं दुकानात मिळतात, पण एका खोक्यातल्या विसांत पावडर थोडी कमीजास्त असते, आणि प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. म्हणून काही लोक झाडलेल्या काडतुसाची पितळी नळकांडी, म्हणजे केस, फेकत नाहीत. ती साफ करायची, प्रेसमध्ये दाबून मापात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारा नवा प्राइमर बसवायचा, तोलून पावडर ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. माप ग्रेनमध्ये. "ग्रेन म्हणजे आपल्या गुंजेच्या अर्ध्याहून जरासा जास्त," काका म्हणाले. "आणि मी त्याचा दहावा भाग पाहतो."

"अंदाजे एक चिमूट," मी म्हणालो.

काकांचा चेहरा असा झाला की जणू मी देवघरात चपला घालून शिरलो. "अंदाजे म्हणजे माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत नसेल तर तसं सांगावं माणसानं."

मग वातावरण हलकं करावं म्हणून मी त्यांना माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. धावत्या जीपमधून त्यांनी तीनशे पावलांवरचं रानडुक्कर एका गोळीत लोळवलं होतं, ती.

"तीनशे पावलं कोणाची?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आजोबांची की डुकराची?"

कोल्हापुरात ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा सांगितली असेल. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या दिवसापासून आजोबांचं डुक्कर शंभर पावलांवर आलं आणि जीप उभी राहिली.

आता शाकाहारी माणसाला हा नाद लागला कसा, ते काकांनी मला कधी सांगितलं नाही. सांगितलं अर्लने. अर्ल म्हणजे काकांच्या पलीकडच्या घरातला म्हातारा, निवृत्त प्लंबर, सहा फूट चार इंच, दाढीत एखादं चिमणीचं घरटं सहज मावेल असा. बायको गेलेली. काकांची आणि त्याची दोस्ती एका फुटलेल्या नळापासून सुरू झाली आणि रोज सकाळी दोघं मिळून फिरायला जाण्यापर्यंत पोचली. काका त्याला 'अर्लराव' म्हणत. तो काकांना 'मकुंड' म्हणे, आणि काकूंच्या पोह्यांना 'यलो राइस' म्हणून दोन बश्या संपवी.

२००३ च्या शिकारीच्या मोसमात अर्लची कंबर दुखत होती आणि सोबतीला कोणी नव्हतं. काका म्हणाले, मी येतो, गाडी चालवीन, डोंगर पाहीन. राज्याच्या पार पूर्वेच्या डोंगरात गेले. तिथे अर्लला एल्क दिसला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याएवढा. अर्लने नेम धरला, गोळी झाडली, आणि ती जिथे लागायची तिथे न लागता वीतभर मागे लागली. जनावर पडलं नाही. रक्त सांडत चालत राहिलं.

"नऊ तास," अर्ल मला म्हणाला. "नऊ तास आम्ही त्याच्या मागावर होतो. तुझा काका साध्या बुटांत होता, बर्फात. मी म्हटलं, तू गाडीत बस. तो म्हणाला, नाही. शेवटी एका ओढ्याशी सापडला, आणि अजून जिवंत होता."

परत येताना पाच तासांच्या रस्त्यात काका एक वाक्य बोलले. "अर्ल, तू मारणार तर आहेसच. मग नीट मार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्लची रायफल आणि दुकानातल्या काडतुसांचं खोकं मागून घेतलं. वीसही काडतुसं उघडली, पावडर तोलली आणि खोकं परत देत म्हणाले, "अर्लराव, यात वीस वेगवेगळी मतं आहेत." आठवड्याभरात गॅरेजात प्रेस आला आणि गाडी पावसात गेली.

रायफल अर्लच्या वडलांची होती, तीनशे मॅग्नम. मॅग्नम म्हणजे काडतूस जास्त पावडरीचं, गोळी जास्त वेगाची आणि धक्का म्हणाल तर गाढवाने लाथ मारण्याआधी दोन पावलं मागे जाऊन जोर आणलेला. मी तो एकदा चाखला. मोठ्या फुशारकीने म्हटलं, द्या इकडे, आमच्या घराण्यात आहे ते. काका म्हणाले, "ग्रीन कार्ड दाखव." आदल्याच महिन्यात कार्ड आलं होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कायद्यात बसतं म्हणाले आणि मगच मला रायफलीला हात लावू दिला. मी चाप ओढला. नंतरचं मला सलग आठवत नाही. गोळी निशाणाच्या कागदाला सोडून त्याच्या लाकडी खांबाला लागली, आणि माझा उजवा खांदा तेव्हापासून पाऊस यायच्या आधी दुखतो. बॉथेलमध्ये ही सोय काही उपयोगाची नव्हती.

"आजोबा उजव्या खांद्याचे होते की डाव्या?" काकांनी शांतपणे वहीत नोंद करता करता विचारलं.

शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडायच्या आणि तिन्ही भोकं किती जवळ पडतात ते पाहायचं, ही या धंद्यातली परीक्षा. दुकानातल्या काडतुसांनी ती रायफल साडेतीन इंचांत पसरत होती. काकांचं म्हणणं, तिन्ही भोकं पंचवीस सेंटच्या नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत. अर्ल हसला. म्हणाला, वडलांच्या हातूनही ती कधी दीड इंचाच्या आत आली नाही. काका म्हणाले, "वडील तोलत होते का?"

अडीच वर्षं हे चालू होतं. पावडर बदलायची, गोळी बदलायची, पुस्तकात दिलेल्या खालच्या मापापासून हळूहळू वर सरकायचं, मधेच केसच्या बुडाकडे पाहून जोर जास्त होतोय का ते तपासायचं. प्रत्येक मापाची तीन तीन काडतुसं काका भरून गोळ्यांच्या जुन्या डब्यांत ठेवत; या गोळ्या म्हणजे काकूंच्या बीपीच्या. प्रत्येक डब्यावर बाराखडीतलं अक्षर. क, का, कि, की. अर्लला ती चित्रं वाटत. तरी सवयीने तो शिकला, आणि नेमबाजीच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, त्याचा तो दांडगा आवाज ऐकू येई, "मकुंड, आता तो वर झेंडा असलेला दे." दाढीवाले चार शिकारी माना वळवून बघत.

मॅग्नमची नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या भरकटतात. म्हणून काकांचा नियम, दोन गोळ्यांमध्ये दहा मिनिटं. घड्याळ लावून. अर्ल टेबलाशी बसलेला, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली, नळी बंद करणारी खिट्टी, म्हणजे बोल्ट, उघडी, आणि आमच्या हातात काकूंचा चिवडा. दहा मिनिटं झाली की काका रुमालाने पुसलेलं एकच काडतूस आपल्या हाताने, बाळाला घास भरवावा तसं, नळीच्या मागच्या तोंडात ठेवत. मग परत चिवडा.

२००६ च्या जूनमध्ये अर्लच्या घरी पत्र आलं. साध्या परवान्यावर लहान नरच मारता येतो; त्या डोंगरातला मोठा नर एल्क मारायचा खास परवाना लॉटरीने देतात. अर्ल दरवर्षी अर्ज करायचा आणि चौदाव्या वर्षी त्याचं नाव निघालं. एक परवाना, एक जनावर, नऊ दिवस. आणि हिवाळ्यात कंबरेचं ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टर म्हणाले होते, त्यानंतर डोंगर चढणं विसरा.

अर्लने ते पत्र काकांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी दोनदा वाचलं. अर्लला चौदा वर्षांचं चीज करायचं होतं. काकांना मात्र एकच गोष्ट हवी होती, ती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला आणि अर्लला माहीत होती. पुन्हा नऊ तास नकोत.

ऑगस्टमध्ये 'कै'ने कमाल केली. तीन भोकं, एकाला एक लागून, जणू तिपानी बेल. काकांनी खिशातलं नाणं काढून कागदावर ठेवलं. काही दिसेना. अर्लने टोपी काढली. मी नाचलो. काका म्हणाले, "हे उन्हातलं आहे. नोव्हेंबरात तिथे बर्फ असेल."

त्यामुळे पुढची काडतुसं फ्रीजरमध्ये गेली. गणपतीचे दिवस. काकूंनी खोबरं काढायला दार उघडलं.

"अहो, ओल्या नारळाच्या शेजारी हे काय ठेवलंय?"

"प्रयोग."

"मोदकात निघालं म्हणजे?"

"निघणार नाही. लेबल आहे."

"लेबल 'कै' आहे. मला वाटलं कैरी."

काकांनी लेबल बदललं नाही, पण डब्याला लाल दोरा बांधला. मग बर्फाच्या खोक्यातून ती गारठलेली काडतुसं रेंजवर नेली, आणि सिद्ध झालं ते असं, की थंडीत गोळ्या इंचभर खाली उतरतात पण एकमेकींना सोडत नाहीत. काकांनी ते वहीत लिहिलं. त्या दिवशी परतताना ते गाडीत गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऐकण्यासारखं नव्हतंही.

अर्ल निघायच्या चार दिवस आधी आम्ही शेवटचे रेंजवर गेलो. काम काही नव्हतं, नुसती खात्री. अर्ल म्हणाला, आज जंगलातल्यासारखं भरतो. म्हणजे एकेक हाताने नळीत न ठेवता, तीन काडतुसं रायफलीच्या पोटातल्या खोक्यात, म्हणजे मॅगझिनमध्ये. बोल्ट ओढला की एकामागून एक आपोआप वर येतात. त्याने पहिलं काडतूस खाली दाबलं. जाईना. फिरवून दाबलं. गोळीचं टोक पुढच्या भिंतीला अडत होतं.

काकांनी ते हातात घेतलं, खिशातून कॅलिपर काढला, काडतूस मोजलं, मग मॅगझिनची लांबी मोजली. परत काडतूस मोजलं.

घोळ असा झाला होता. गोळी केसच्या बाहेर जितकी जास्त ठेवावी तितकी ती नळीतल्या आट्यांच्या, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या, जवळ बसते, आणि या रायफलीला ते फार मानवत होतं. त्यामुळे काका अडीच वर्षं गोळी केसभर केसभर बाहेर आणत गेले. काडतूस लांब होत गेलं. आणि झाडताना प्रत्येक वेळी त्यांनी ते एकेक करून हाताने भरवलं. मॅगझिनमध्ये ते मावतं का, हे आम्हा तिघांतल्या एकालाही कधी पाहावंसं वाटलं नाही. धण्याच्या दाण्याएवढं जास्त लांब होतं. तेवढंच.

गोळी आत ढकलली की माप बिघडे. काकांनी दोन दिवस तेही करून पाहिलं. भोकं नाण्याबाहेर गेली, दोन इंचांवर. दुकानातल्यापेक्षा बरी, पण काकांच्या लेखी ती नऊ तासांच्या वाटेवरची होती.

त्या दोन दिवसांत काका जेवले नाहीत म्हटलं तर काकू म्हणतील, एक पोळी खात होते. पण मी त्यांना टेबलाशी नुसतं बसलेलं पाहिलं. तराजूवर झाकण.

"तीस वर्षं बाबू," ते मला म्हणाले. "तीस वर्षं मी लोकांच्या चुका शोधल्या. आणि खोकं मोजलं नाही."

काकू दारात होत्या. "डबा न बघता लाडू वळलेत तुम्ही," त्या म्हणाल्या. "होतं असं. माझंही झालंय. मग लाडू परत वळत नाही कोणी. मोठा डबा नसेल तर हातात घेऊन जायचे."

अर्ल तेव्हा तिथेच होता. मी त्याला हे इंग्रजीत सांगितलं. त्याने दाढी खाजवली. "मकुंड, माझ्याकडे परवाना किती जनावरांचा आहे?"

"एक."

"मग मला तीन कशाला लागतात? एक नळीत ठेवीन. दोन शर्टाच्या खिशात."

"पहिली चुकली तर?" काका म्हणाले. "खिशातून काढेपर्यंत ते निघून जाईल. लागून निघून जाईल."

"म्हणून तर लांबवालं नेतो," अर्ल म्हणाला. "खात्री नसेल तर झाडणारच नाही. शब्द देतो."

काकांनी तराजूवरचं झाकण काढलं आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. आम्ही तिघे श्वास आवरून उभे राहिलो. त्यांनी तीन काडतुसं भरली. दुपार गेली. प्रत्येक काडतूस पुसून, उजेडाकडे धरून, अर्लच्या तळहातावर ठेवलं. अर्लचा हात केवढा, तर त्यावर ती तीन काडतुसं वेलदोड्यांसारखी दिसत होती.

या वेळी काका गेले नाहीत. अर्लचा पुतण्या सोबतीला आला होता. अर्ल शनिवारी निघाला, आणि रविवारपासून काकांनी घरासमोरचं अंगण झाडायला घेतलं. पानं कधीच संपली होती, तरी झाडत होते. मी कामावरून येताना विचारायचो, "काही कळलं?" त्या डोंगरात फोन लागत नसे. काका म्हणायचे, "आज तिथे वारा आहे." किती ते सांगायचे. हवामान खात्याच्या साइटवरून दर तासाला उतरवून ठेवलेलं असायचं.

मंगळवारी दुपारी अर्लचा ट्रक वळणावर दिसला. काका झाडू घेऊन तसेच उभे राहिले. ट्रकमध्ये मागे ताडपत्रीखाली काहीतरी मोठं होतं. शिंगांची टोकं बाहेर आलेली, पिंपळाच्या फांदीएवढी. मी धावलो ताडपत्रीकडे. काका तिकडे गेलेच नाहीत. अर्ल कंबर धरून खाली उतरला आणि त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. दोन काडतुसं भरलेली निघाली, एक केस रिकामी.

काकांनी रिकामी केस घेतली. चष्मा खाली आला. बूड पाहिलं, बोटांत फिरवून कडा पाहिली. तो वेळ मला तराजूच्या बोटापेक्षा मोठा वाटला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे दहा यार्ड. पुतण्याने मोजलं." अर्लला माहीत होतं काय विचारलंय. त्याने पुढचंही सांगितलं. "उभा होता. मग नव्हता. मी तिथे पोचलो तेव्हा गवत तोंडातच होतं."

काका मान हलवून आत गेले. हात धुतल्याचा आवाज आला. मग चहा ठेवल्याचा. तो चहा आम्ही अंगणात उभ्याने घेतला. काकूंनी पहिला घोट घेतला आणि कप खाली केला.

"अहो, पत्ती मोजली नाही वाटतं."

"अंदाजे टाकली," काका म्हणाले.

चहा इतका कडू होता की त्यात चमचा उभा राहिला असता. आम्ही चौघं तो शेवटपर्यंत प्यायलो.

अर्लने मांसाचं मोठं पुडकं कागदात बांधून काकांना आणून दिलं, मानाने, दोन्ही हातांनी. काकूंनी ते त्याच मानाने घेतलं आणि दार लागताच मागच्या बाजूने माझ्या घरी पाठवलं. कोल्हापूरच्या माणसाला यापेक्षा अधिक सांगावं लागत नाही. मी आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला काढला आणि एल्कचा तांबडा रस्सा केला. त्याच्या वासाने बॉथेलमधले ढग दोन तास हटले होते. अर्लने पहिला चमचा घेतला, आणि त्याची दाढी मुळापासून लाल होत गेलेली आम्ही सर्वांनी पाहिली. तो म्हणाला, हे मॅग्नम आहे. मग त्याने तीन वाट्या संपवल्या. काका समोर बसून वरणभात खात होते आणि दर वाटीला वहीत रेघ मारत होते. मला तर वाटतं, त्या दिवशी त्यांनी वरणावर तूपही न मोजता घेतलं, पण हे मी शपथेवर सांगणार नाही.

२००८ च्या सप्टेंबरात माझी नोकरी जर्सी सिटीला गेली आणि नोकरीमागून मी. निघायच्या दिवशी सकाळी सामानाचा ट्रक रस्त्यावर उभा, ड्रायव्हर घड्याळ पाहतोय, आणि मी काकांच्या गॅरेजात. काकू आतून डबा आणायला गेल्या होत्या. काका टेबलाशी बसलेले. समोर तीन पितळी केस ओळीने उभ्या.

"काका, कोणासाठी?"

"अर्लसाठी. गोळी बदलली. आता मॅगझिनमध्ये मावतात. खोकं मोजलं."

"पण त्याची कंबर... आणि परवान्याला परत चौदा वर्षं..."

खिडकीतून अर्लचं अंगण दिसत होतं. ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. म्हातारा काठी न घेता कुंपणापर्यंत जात होता, परत येत होता, आणि परत जात होता. प्रत्येक फेरीला काका टेबलावरच्या वहीत न पाहता एक रेघ ओढत होते.

"या वर्षीही अर्ज केला आहे त्यानं," काका म्हणाले. "निघालं नाव तर? ऐन वेळी धावपळ नको."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकांनी पळीने पावडर पारड्यात टाकली आणि बोट वर केलं.

मी थांबलो. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. काकू डबा घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. काटा वर गेला, खाली आला, परत वर. काकांनी चिमट्याने एक कण उचलून बाजूला ठेवला. काटा थांबला. बोट खाली आलं.

"हं. आता बोल."

"काका, तुमची आठवण येईल."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती?"

सहा वर्षांत मी त्या माणसाला समुद्राएवढं, डोंगराएवढं, हत्तीएवढं असं पुष्कळ काही सांगितलं होतं. त्यातलं एकही तोंडाशी येईना.

"मोजून कळवतो," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली, म्हणजे उत्तर पटलं, आणि पावडर पहिल्या केसमध्ये ओतली.